मायचा शेजारी

"आजी तुमच्या कोण?" दवाखान्यातल्या समाजसेवकानं, सुगतनं विचारलं.

"शेजारी," किशोर म्हणाला.

शब्द तोंडातून निघाला आणि पाखरू बसावं तसा टेबलावर जाऊन बसला. आता उडून जाईल, असं किशोरला वाटलं. गेला नाही. सुगतनं त्याच्याकडं पाहिलं, स्ट्रेचरवर निजलेल्या जमुनाबाईकडं पाहिलं आणि संमतीचा कागद पुढं सरकवला. आपल्याच मायच्या ऑपरेशनसाठी किशोरनं शेजारी म्हणून सही केली.

जमुनाबाई छताकडं पाहत होती.

वलगावच्या घरी न्हाणीत पाय घसरून ती पडली होती. खुब्याचं हाड मोडलं. अमरावतीच्या एका धर्मादाय दवाखान्यात डॉक्टरांनी सांध्याचा गोळा बदलायला सांगितलं आणि खर्च ऐकून किशोर आणि त्याची बायको साधना व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसूनच राहिले. किशोरचं बसस्टँडजवळ कृषी केंद्र होतं. ऐन हंगामाच्या तोंडावर भांडवल काढलं तर दुकानात बियाणं भरायचं कशानं? म्हातारीचा विमा वयापायी कोणी उतरवला नव्हता.

"गरिबाले फुकट, श्रीमंताले विमा," साधना म्हणाली. "मधातल्यानं काय मराव काय?"

त्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. खोटं त्यानंतर सुरू झालं.

धर्मादाय दवाखान्यात थोडी ऑपरेशनं निर्धन माणसांसाठी राखलेली असतात. तलाठ्याचं किशोरच्या दुकानात बसणं-उठणं होतं. जमुनाबाई वेगळी राहते, तिला उत्पन्न नाही, पाहणारं कोणी नाही, असा दाखला चहाचा कप रिकामा व्हायच्या आत ठरला. आणि हाच किशोर दुकानाच्या बाकावर रोज म्हणायचा, "फुकट वाटू वाटू देश बसवला यायनं. टॅक्स आमी भरावा अन् मजा दुसऱ्यायनं करावी!" बाकावरचे नत्थुजी टोमणा मारायचे, "हो ना बाप्पा, दिल्लीतले दिवे तुह्याच टॅक्सवर जळून राहिले." सगळे हसायचे. किशोरही हसायचा.

मायला तेवढं पढवावं लागलं.

"कोणी इचारलं तर सांगजो, मले कोणी नाई."

"काहून? तू आहे ना लेका?"

"मा, कागदापुरतं."

तिनं बराच वेळ लेकाचं तोंड न्याहाळलं. "कागदापुरतं," ती हळूच म्हणाली, जणू परक्या गावचं नाव पाठ करत होती.

वॉर्डात तिच्या बाजूच्या खाटेवर बार्शीटाकळीची इंदूबाई होती. तिचाही खुबाच मोडलेला. पायाला वजन बांधून ती जमुनाबाईच्या आधीपासून पडून होती. तिचं ऑपरेशन दाखल्यापायी अडलं होतं. तिची लेक करिश्मा तलाठ्याला गाठायला गावी गेली, तर तो मिटिंगला अकोल्याला. अकोल्याला पोचली, तर तो गावाकडं निघालेला. या महिन्यात फुकटातलं एकच ऑपरेशन उरलं होतं आणि ज्याचे कागद आधी, त्याचा नंबर आधी.

"लागन माहाही नंबर," इंदूबाई म्हणायची. "तुमाले तर कोणीच नाई बाई. तुमचा नंबर आधी लागला तेच बरं झालं."

जमुनाबाईच्या ऑपरेशनच्या आदल्या दुपारी इंदूबाईची कळ वाढली. "एखांदी ववी म्हणा ना वं," ती जमुनाबाईला म्हणाली. "जीव तरी रमन."

घरातलं जातं कधीच भिंतीला टेकून उभं राहिलं होतं, ओवी मात्र जमुनाबाईच्या गळ्यात फिरतीच होती. तिच्या ओवीची पहिली ओळ रानाची असो की पाण्याची, दुसरीत लेकाचं नाव यायचंच. त्या नावाच्या झोक्यावर किशोर लहानाचा मोठा झाला होता.

पऱ्हाटी फुटली वं, धुऱ्यावरी चांदणं…

कापसाच्या रानाची, बांधावरच्या चांदण्याची ती ओवी ऐकून डबा घेऊन आलेला किशोर दारातच थांबला. पुढची ओळ त्याला पाठ होती: किशोर बाळ माहा, देवानं दिलं आंदण. त्याचे ओठ आपोआप हलले.

जमुनाबाईनं पहिलीच ओळ पुन्हा म्हटली. मग थांबली.

"म्हणा ना पुढं."

"पुढं लेकाचं नाव येते बाई."

"मंग घ्या ना."

"इथं नाई घ्याचं. इथं मले कोणी नाई."

दुखता पाय सांभाळत इंदूबाईनं हात लांबवला आणि जमुनाबाईच्या खाटेच्या दांडीवर ठेवला. "माह्या करिश्माचं घ्या. माही लेक ते तुमची लेक. नावाबिगर ववी उपाशी ठेवू नये."

आणि जमुनाबाईनं घेतलं. गोड, जुन्या गळ्यानं.

करिश्मा बाई माही, देवानं दिलं आंदण.

किशोर दारातून मागं सरकला. डब्याचं गरम बूड तळहाताला भाजत होतं. त्यानं हात बदलला नाही.

तो सुगतच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. "थ्या शेजारी नाईत. माही माय हाये."

"माहीत आहे," सुगत म्हणाला. "शेजाऱ्याचं नाक इतकं सारखं नसते दादा."

"मंग बोलले काहून नाई?"

"आजीले इचाराव लागलं असतं. त्यायले माह्या तोंडावर खोटं बोलाव लागलं असतं."

किशोरला बसावंसं वाटलं, पण कोणी बस म्हणालं नव्हतं. "आमच्यासारख्यानं जाव कुठं पण?" तो म्हणाला आणि आपलाच आवाज त्याला दुकानातला वाटला.

"गाऱ्हाणं खरं आहे तुमचं. सरकारनं समद्यायसाठी दवाखाने धड केले असते, तर कोणाले मायचा शेजारी व्हा लागलं नसतं. पण थे भांडण तुमी भांडलेच नाई ना. तलाठ्यासंग चहा पिऊन मोकळे झाले." सुगतनं फाईल ओढली. "पूर्ण बिल भराव लागन. दाखला खोटा होता, हेही लिहून द्या लागन."

"देतो. अन् इंदूबाईचं?"

"हा नंबर मी थांबवून ठेवतो. हा महिना सरायच्या आत दाखला आला, तर हे ऑपरेशन त्यायचं. नाई आला, तर…" त्यानं कोरा कागद किशोरपुढं सरकवला.

किशोरनं लिहून दिलं. नात्याच्या रकान्यात मुलगा लिहिताना अक्षर वाकडं आलं. मग तो वॉर्डात गेला आणि दोन खाटांच्या मधल्या स्टुलावर बसला.

"हे कोण बाई?" इंदूबाईनं विचारलं.

जमुनाबाईनं किशोरकडं पाहिलं. काय सांगायचं ते त्यानं सांगावं, म्हणून ती थांबली होती.

"लेक," किशोर डब्याकडं पाहत म्हणाला. "लेक हावो मी यायचा."

इंदूबाईनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा जमुनाबाईकडं. खाटेच्या दांडीवरचा हात तिनं हळूच काढून घेतला आणि भिंतीकडं तोंड फिरवलं.

"मा," किशोर कुजबुजला, "आता घे नाव. कागद बदलून आलो."

"हो काय," जमुनाबाई म्हणाली. तिनं डोळे मिटले. पहिली ओळ गुणगुणली, पऱ्हाटी फुटली, धुऱ्यावर चांदणं सांडलं आणि नावाच्या जागेशी येऊन तिचा गळा पुन्हा थांबला.

"नाव येईन लेका," ती म्हणाली. "आज राहू दे."