पुंजाजीची किंगपिन

"चाक डुलून राह्यलं, रज्जाकभाई! गाडी पालखीवानी चालते!" पुंजाजीने नवी किंगपिन मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानाच्या फळीवर आपटली.

रज्जाकने ती उचलली. पुढचं चाक जिच्या आधारावर वळतं ती पोलादी खीळ. तिच्यासाठी त्याने मुंबईला दोन तारा केल्या होत्या, लढाईच्या टंचाईत तीन आठवडे मलकापूर स्टेशनावर खेटे घातले होते. आणि आता ही सैल!

"तुह्याच नमुन्यावरून मागवली, पुंजाजी."

दुकानाचा तो रिवाजच होता. या भागातल्या, उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारींचं पुढचं अंग एका गाडीचं, मागचं दुसरीचं. छापील नंबर तिथे काय कामाचा? गाडीवाल्याने मोडका भाग आणावा, रज्जाकने मोजून तस्सा मागवावा. बावीस वर्षांत त्याचं माप चुकलं नव्हतं. संग्रामपूरपर्यंतचे गाडीवाले याच भरवशावर मलकापुरात येत.

त्याने जुनी पिन शोधून उजेडात धरली. तीन आठवड्यांपूर्वी घाईत दिसले नव्हते, ते ओरखडे आता दिसले.

"हे कायचे बे?"

"कानस मारली ना. जंग चढला होता. तुमच्यासमोर तसा काऊन आनाचा? लोकं काय म्हनतीन?"

"अबे, नमुना आनला होता का पोरगी दाखवाले आनली होती? घासून घासून बारीक केली तिले! मी त्या मापानं मागवली!"

पुंजाजी म्हणाला, "उद्या इन्स्पेक्टर गाडी पाहनार हाय. नापास झाली का परमिट गेलं. रोहिणखेडची लाइन घ्याले किसनराव टपूनच बसला हाय."

रज्जाक संतापाने पुटपुटत कप्पे उपसू लागला. दुपारची अजान झाली तरी त्याचे हात थांबले नाहीत. एक पिन लांब निघाली, दुसरी जाड. तिसरी नव्हतीच.

सकाळी डाक बंगल्यासमोर सगळे गाडीवाले जमले होते. रज्जाकही आला होता. इन्स्पेक्टरने पुंजाजीचं चाक हलवून पाहिलं. "मालकाची हयगय असेल तर मुदत नाही. दुकानदाराने चुकीचा माल दिला असेल तर पंधरा दिवस देतो. पण तसं लेखी पाहिजे."

पुंजाजी खाली मान घालून उभा राहिला. रज्जाकचा राग अजून गेला नव्हता. कानस मारली ती याने. पण ओरखडे न पाहता मोजलं कुणी? त्याने कागद मागितला आणि लिहिलं : 'माप माझ्याकडून चुकले.' इन्स्पेक्टरने ते सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

पुंजाजी पाय धरायला वाकला. "पाय सोड," रज्जाक खेकसला. "पह्यले ती कानस विहिरीत फेक!"

बाराव्या दिवशी नवी पिन आली. गाडी पास झाली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी किसनराव बेअरिंग घेऊन आला. दुकानात गर्दी होती.

"या बारीनं नीट मोजा हो, रज्जाकभाई. नाही तं मले बी लिहून द्या लागन!"

गाडीवाले हसले. तेल न्यायला आलेला पुंजाजी पुढे सरसावला. "किसनराव, आयका, ते माप..."

"पुंजाजी," रज्जाकने त्याला मध्येच तोडलं, "तुह्या गाडीत लोकं बसून राह्यले. जाय."

पुंजाजी गेला. रज्जाकने बेअरिंग मोजलं. बावीस वर्षांत कधी केलं नव्हतं, ते केलं : मोजमापाचं हत्यार तसंच धरून किसनरावाकडे फिरवलं.

"वाचा," तो म्हणाला.

किसनरावाने आकडा वाचला. मगच रज्जाकने तो लिहून घेतला.