आरशासारखा कोबा

"बाबा, उद्या नाही आलात तरी चालेल," असं लेक फोनवर म्हणाली, तेव्हाच बाबांनी ओळखायला हवं होतं. पण ओळखतील ते बाबा कसले! पोरीला आपल्या अंगाच्या शेणाच्या वासाची लाज वाटत असणार, असं त्यांना वाटलं. त्यांनी नवा शर्ट चढवला, दाढी घोटून केली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या प्रबंधाच्या सादरीकरणाला सभागृहात थेट पहिल्या रांगेत ठाण मांडलं.

लेक प्राणी कल्याणात एम.एस्सी. करत होती. गाय दूध किती देते ते सगळेच बघतात. ती सुखात आहे का, ते बघायचं हे शिक्षण. प्रबंधासाठी तिने आसपासच्या गोठ्यांतल्या गायींच्या चालण्याचं चित्रीकरण केलं होतं. त्यात घरचा गोठाही होता, आणि पहिला नंबर आपलाच, असं बाबा सांगत सुटले होते. कारण त्यांचा सिमेंटचा कोबा! असा घोटून घेतलेला की त्यात बघून भांग पाडावा. ज्यांना हे ऐकवून त्यांनी हैराण केलं होतं, ते सगळे गोठेवालेही आज आमंत्रणावरून आले होते आणि मागच्याच रांगेत बसले होते.

पडद्यावर गायींचे नुसते पाय दिसू लागले.

"मैत्रिणीने गोठ्यांची नावं काढून अक्षरं दिली आणि चित्रफितींत पायांच्या नुसत्या काळ्या आकृत्या ठेवल्या," लेक सांगत होती. "कुणाचा गोठा ते माहीत नसताना मी प्रत्येक गायीच्या चालीला गुण दिले. नावं नंतर उघडली. सगळ्यात वाईट चाल 'क' गोठ्यातली. तिथला कोबा इतका गुळगुळीत आहे, की घसरायच्या भीतीने गायी आखूड पावलं टाकतात. खुरांवर ताण येतो आणि त्या लंगडायला लागतात."

मग पडद्यावर मूळ चित्रफीत आली. गायीच्या मागच्या पायावर पांढरा पट्टा होता. बाबांनी मान पुढे काढली. ही तर त्यांची थोरली गाय! तिचं ते जपून चालणं ते येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवायचे. स्वभावाने गरीब आहे हो, म्हणायचे.

आधी रागच आला. घरचं उणं असं चव्हाट्यावर?

"हा 'क' गोठा वगळावासा नाही वाटला?" बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं. "तो काढला तर बाकीचे आकडे छान जुळतात."

"वाटला, सर. नाव उघडलं तेव्हा फार वाटला." लेकीने नजर पडद्यावरच ठेवली. "पण गायी लंगडत होत्या."

बाबांचा राग कुठल्या कुठे गेला. परक्याची गाय लंगडते म्हणायला काय लागतं? बापाची लंगडते म्हणायला छाती लागते. त्यांना अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं.

"मग मालकाला सांगितलंत?" परीक्षकांनी विचारलं.

"नाही, सर. हिंमत नाही झाली."

बाबा गप्प बसले असते तर गोठा कुणाचा ते कुणालाच कळलं नसतं. मागच्या रांगेत तर नाहीच नाही.

"मालकाला कळलं," बाबा उठून उभे राहिले. सगळ्या माना वळल्या. "गोठा माझा आहे. उद्याच कोब्याला खाचा पाडायला घेतो. कशा पाडायच्या ते विचारायला मला लांब जायला नको, साहेब. ही माझी लेक आहे."