खिळ्यावरचं लुगडं

आंबागडच्या सत्यभामाबाईंचं कोशाचं रेशमी लुगडं म्हणजे साधीसुधी चीज नव्हे. एकदा ते तळ्याच्या पाळीवर वाळत होतं, तर गडावरून उतरलेला वाघ त्याचा पिवळी झळाळी पाहून, आपलाच थोरला भाऊ समजून, पाया पडून गेला. वाघाने अजून तरी नाही म्हटलेलं नाही. घरातलं प्रत्येक लेकरू मात्र जन्मल्यावर आधी त्याच लुगड्यात गुंडाळलं गेलं, हे अगदी खरं.

आता नात गुड्डी बाळंतपणाला आलेली, दिवस भरलेले, आणि सून कामिनीने नेमकं ते लुगडं भांडेवालीला देऊन स्टीलचा गंज, म्हणजे पातेलं, घेतला!

"जुनंपुरानं समजून देल्लं व माय," कामिनी रडकुंडीला आली.

लुगडं भंडाऱ्याच्या मंगरूच्या दुकानात गेल्याचं भांडेवालीकडून कळलं. सत्यभामाबाईंनी तोच गंज काखेत मारला आणि एसटी धरली.

दुकानात खाली जुन्या कपड्यांचा ढीग. वर खिळ्याला एकटं लुगडं, ऐटीत. मंगरू कॉलेजच्या दोन पोरींना समजावत होता, "खालचं ते सेकंडहँड, वरचं ते विंटेज. गडावरच्या राणीचं हाय!"

"अन् हा राणीचा रफू काय गा बाबू?" सत्यभामाबाई पुढे झाल्या. "माह्या पोराले, कैलाशले, दात येऊन राहिले होते, त्यानं चावलं. हा डाग कायचा, तेबी सांगू?"

पोरी हसत हसत निघून गेल्या. मंगरूचं तोंड उतरलं. "माय, एका मिनटात माही राणी ढिगात आणली व तुनं!"

"ढिगात तुह्यासाठी. माह्यासाठी त्या डागानंच ते वर चढलं." मग त्यांनी गुड्डीचं सांगितलं. "तू खिळ्याले टांगलं म्हणून वाचलं रे बापा. दुसऱ्यानं पोछा केला असता."

मंगरूने लुगडं उतरवलं, घडी घातली, त्यांच्या हाती दिलं. सत्यभामाबाईंनी गंज पुढे केला. तो उचलताना मंगरू वाकलाच.

"यात काय व?"

"नवा चिन्नोर तांदूळ. रिकामं भांडं वापस करत नाहीत आमच्यात."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गुड्डीला मुलगी झाली. लुगड्यात गुंडाळताच तिने रफूचा कोपरा तोंडात धरला, असं सत्यभामाबाई शपथेवर सांगतात. बारशाला त्यांनी मंगरूला बोलावलं, पहिल्या पंगतीत बसवलं, आणि त्याची थाप खोटी पडू नये म्हणून मुलीचं नाव ठेवलं राणी.