सरळ बोल की!

रोशनबी शाहूपुरीत घरीच ब्लाऊज शिवायची. नवरा गेल्यावर तिनं वरची खोली भाड्यानं दिली ती इद्रिसला. इद्रिस सुदानचा, इथं एम.एस्सी. करायला आलेला. त्याला आणलं तिच्या भावानं, ख्वाजानं. "नमाजी पोरगं हाय. तुला काय तरास न्हाय," असं सांगून तो मोकळा झाला. इद्रिसनं पहिल्याच दिवशी तिला 'खाला' म्हटलं. मावशीला अरबीतही खालाच म्हणतात हे कळल्यावर रोशनबी हरखली. त्याची हिंदी पुस्तकी, तिची निम्मी मराठी, तरी आता बोलायची अडचण नाही असं तिला वाटलं.

इद्रिस दारात आला की छातीवर हात ठेवून विचारायला लागायचा. खाला कशी आहे, झोप लागली का, ख्वाजामामू कसे आहेत, त्यांची मुलं कशी आहेत. सगळं झालं की पुन्हा पहिल्यापासून. इकडं मशीनवर कापड अडकलेलं, गिऱ्हाईक खोळंबलेलं.

"बरी हाय रे बाबा! काय पायजे ते सरळ बोल की!"

तो गडबडायचा. "काही नाही, खाला," म्हणायचा आणि जिना चढायचा.

तीही विचारायची, नाही असं नाही. जाता-येता मोठ्यानं म्हणायची, "घरची सगळी बरी हायत न्हवं?" तो म्हणायचा, "अल्हम्दुलिल्लाह, बरे आहेत." तोवर ती आत गेलेली असायची.

शनिवारी सकाळी ती शिवायच्या खोलीत आली, तर छतातून पाणी ठिबकत होतं. नेमकं राजनंदिनी नावाच्या गिऱ्हाइकाच्या साखरपुड्याच्या ब्लाऊजवर. मोतिया रंगाचं रेशीम आणि एका बाहीवर हा एवढा तांबूस डाग. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी.

रोशनबी तरातरा वर गेली. मोरीतला नळ गळत होता. खालची बादली भरून वाहत होती.

"मला सांगाया काय झालंतं तुला? तोंड न्हाय व्हय?"

"सांगायलाच आलो होतो, खाला. दोन-तीनदा. तुम्ही रागात होता."

"मी? मी काय म्हटलं?"

"काय पायजे, म्हणालात."

"आरं, ते रागानं म्हणत्यात व्हय? ते विचारणं झालं!"

"आमच्याकडं दारात आलेल्याला असं विचारलं, तर तो परत जातो."

"आणि आमच्याकडं नळ गळाय लागला की सांगत्यात!" तिचा आवाज एवढा चढला की शेजारची खिडकी उघडली. तिला ते दिसलं, पण आवाज खाली येईना. "तुझ्या आईचा नंबर दे. पोराला बोलाया शिकवलं का न्हाय, तिलाच विचारते. दे!"

इद्रिस बादलीकडं बघत राहिला. "लागत नाही. लढाई शहरात शिरल्यापासून लागत नाही. आई, बहिणी कुठं आहेत, माहीत नाही."

"परवा तर बरी हायत म्हणालास!"

"पहिल्यांदा बरंच म्हणतात, खाला. विचारणारा थांबला, तर मग खरं सांगतात."

"आन् ज्याला थांबाया वेळ न्हाय त्यानं?"

रोशनबीला रडू येतंय की त्याला एक ठेवून द्यावी वाटतंय, तिचं तिलाच कळेना. तिनं पाण्याचा कॉक बंद केला, प्लंबरला फोन लावला, मग राजनंदिनीला. राजनंदिनीचं सगळं ऐकून घेतलं आणि रात्रीपर्यंत दोन्ही बाह्या नव्या लावून द्यायचं कबूल केलं.

मग तिनं जिन्याखालून हाक मारली, "इद्रिस, खाली ये. बस हितं."

ती बाही उसवायला बसली. "आई कशी हाय तुझी?"

"अल्हम्दुलिल्लाह, बरी आहे." सवयीनं तो बोलून गेला.

रोशनबीनं डोळे मिटले. दम धरून म्हणाली, "बरं. बहिणी?"

"त्याही बऱ्या आहेत."

"बरं. आन् आई कशी हाय?"

या वेळी इद्रिसनं शेजाऱ्याच्या ट्रकपासून सुरुवात केली. ट्रक कुणाचा, तो शेजारी कसा माणूस, त्याचा भाऊ काय करायचा. आई अजून त्यात कुठंच नव्हती. फोन वाजत होता. "मुद्द्यावर ये की" हे शब्द रोशनबीच्या अगदी ओठांवर आले. तिनं उसवलेला दोरा दातांत घट्ट धरला आणि फोन उलटा करून ठेवला.