फिलाबाईंची साथ

रालित्सा व्हायोलिन शिकवायची आणि गेली सहा वर्षं संगीतशिक्षकांच्या संघटनेची अध्यक्षही होती. अध्यक्ष म्हणजे काय, तर सगळ्यांची रडगाणी ऐकायची, राजधानी सोफियातल्या शिक्षणखात्याला अर्ज धाडायचे, आणि उत्तर आलं नाही की तेच अर्ज पुन्हा धाडायचे. हे काम ती मन लावून करायची. दोन वर्षांपूर्वी खात्यानं मुलांना एकेकटं शिकवणं बंद करून वीस-वीसच्या गटात बसवायचं ठरवलं, तेव्हा हिनं हात धुऊन पाठीमागे लागून तो बेत हाणून पाडला होता. तेव्हापासून लांबलांबच्या गावांतले शिक्षकही तिचा शब्द मानायचे.

मार्चमध्ये खात्याचं नवं पत्र आलं. सप्टेंबरपासून संगीतशाळांतली साथीदारांची पदं बंद, मुलांनी तयार ध्वनिमुद्रणाबरोबर वाजवावं. रालित्सा चवताळली. चार पानी उत्तर तिच्या डोक्यात तयारही झालं, पण पत्राची शेवटची ओळ वाचली आणि ते तिथंच विरलं. संघटनेनंच दोन वर्षांपूर्वीच्या निवेदनात संगीतशिक्षणाला लागणाऱ्या माणसांची यादी दिली होती, आणि तीत साथीदार नव्हते, असं खात्यानं लिहिलं होतं.

ती यादी रालित्सानं स्वतःच्या हातानं केली होती. संघटनेच्या नियमात लिहिलेलं, जो शिकवतो तो सभासद. साथीदार पियानोवर बसून साथ करतात, शिकवतात थोडेच, असं सगळे धरून चालले होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"खात्याला कशाला शिव्या देतेस? त्यांनी तुझंच तुला वाचून दाखवलंय," चिटणीस ओग्न्यान म्हणाला. तो अकॉर्डियन शिकवायचा. अकॉर्डियनला साथ लागत नाही, म्हणून त्याच्याही हे कधी ध्यानात आलं नव्हतं. तेवढं मात्र तो बोलला नाही.

रालित्साच्या शाळेत साथीला त्रेंदाफिलाबाई होत्या. एवढं लांबलचक नाव कोण घेतो, सगळे फिलाबाईच म्हणायचे. सदतीस वर्षं सहा नंबरच्या खोलीतल्या पियानोवर त्यांनी शाळेतल्या प्रत्येक पोराला, लहानपणी रालित्सालाही, साथ केली होती. वार्षिक कार्यक्रमात पोरं वाकून नमस्कार करत, फुलं शिक्षकांच्या हाती जात, आणि फिलाबाई आपली स्वरलिपीची पानं गोळा करून मागच्या दारानं बाहेर पडत. सप्टेंबरपासून त्यांची खुर्ची रिकामी होणार होती, आणि ती रालित्सामुळे होणार होती.

रालित्सा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, तेव्हा बाई दोन तासांच्या मधे कागदातली बानित्सा, म्हणजे चीज भरलेली खारी, खात होत्या. रालित्सानं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. बाईंनी बोटांना लागलेलं चीज पुसलं.

"तू विसरलीस म्हणजे मी काम नीट केलं, पोरी," त्या म्हणाल्या. "साथ लोकांच्या लक्षात आली की समजावं, बिघडली."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं रालित्साला वाटलं. आता तिला रडूच आलं. तिची समजूत घालता घालता बाईंच्या तोंडून भलतंच निघून गेलं. म्हणाल्या, यादीतून आम्ही साथीदार गळलो म्हणून एवढं काय, तू तर पहिल्या परीक्षेत दोन ओळी गाळल्या होत्यास.

रालित्साचं रडं जागीच थांबलं. त्या परीक्षेत तिला सहापैकी सहा मिळाले होते. नऊ वर्षांची असताना एकही चूक न करता वाजवलं, हे ती आजवर प्रत्येक विद्यार्थ्याला ऐकवत आली होती.

"तिसऱ्या ओळीवरून थेट सहावीवर गेलीस," बाई म्हणाल्या. "मीही गेले. परीक्षकांना पत्ता नाही, तुलाही नाही. मग सांगायचं कशाला?"

त्याच क्षणी रालित्सानं काय करायचं ते ठरवलं. खात्याची समिती संघटनेचं म्हणणं ऐकून घेणार होती; तिची बैठक सोफियातल्या एखाद्या संगीतशाळेच्या सभागृहात घ्या, एवढीच विनंती तिनं खात्याला केली.

समितीत पाच जण होते. प्रमुख मिंचेव साहेब सारखे घड्याळ बघत होते. रालित्सानं भाषण केलंच नाही. तिनं फिलाबाईंना पियानोवर बसवलं. ती म्हणाली, "मी लहानपणी परीक्षेत वाजवलेला तुकडा वाजवते. त्यात एके ठिकाणी मुद्दाम चुकणार आहे. कळलं की हात वर करा."

तिनं ठरल्याप्रमाणे तिसऱ्या ओळीवरून सहावीवर उडी मारली. पियानो तिच्याआधीच तिथं पोचल्यासारखा होता. पुढं मात्र ती घाबरली आणि खरोखरच एक ओळ निसटली. फिलाबाईंनी तीही उचलून धरली. शेवटाकडे एक लांब सूर होता. तो सोडवेना, म्हणून रालित्सानं तो आणखी थोडा लांबवला आणि मग तुकडा संपवला.

एकही हात वर झाला नव्हता. मिंचेव साहेबांनी विचारलं, "मग चुकलात कुठं?"

"दोनदा चुकले," रालित्सा म्हणाली. "एकदा ठरवून, एकदा भीतीनं. ध्वनिमुद्रण माझ्यासाठी थांबलं नसतं. शाळेत रोज घाबरलेली मुलं वाजवतात, साहेब. माझ्या यादीत या बाई नव्हत्या, ती चूक माझी. ती त्यांच्या माथी मारू नका."

साहेबांनी घड्याळ पाहायचं सोडून पहिल्यांदाच पियानोकडे पाहिलं.

मे महिन्यात पत्र आलं, पदं कायम राहिली. त्याच महिन्यात संघटनेची सभा भरली. नियमात 'जो शिकवतो' यापुढे 'आणि जो साथ करतो' असे शब्द घातले. त्या बाजूनं पहिला हात ओग्न्याननं वर केला. मग फिलाबाईंना सभासदांच्या वहीत सही करायला पुढं बोलावलं आणि पिओनीची पाच फुलं त्यांच्या हातात दिली. फुलांचं काय करायचं हे न कळून त्यांनी ती काखेत धरली, स्वरलिपीची पानं धरायच्या तशी.

रालित्सा बोलायला उभी राहिली. आपण आज जे काही आहोत ते या बाईंमुळे, हे तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. सोफियात आपल्या दोन चुका त्यांनी कशा झाकल्या तेही सांगितलं.

"तीन," फिलाबाई वहीवरून मान न उचलता म्हणाल्या.

रालित्सा गोंधळली. तिसरी कुठली, तिला आठवेना.

"तिसरी माझी. घाबरून मी दोन पानं एकदम उलटली," बाईंनी सही पुरी केली. "तो शेवटचा सूर तू लांबवलास ना?"

"मला तिथं थांबावंसं वाटलं, बाई."

"तू थांबलीस म्हणून मी पोचले."