चौघे घरी राहिले

त्या दिवशी सकाळपासून म्हाळू अंगणात मेंढरं कातरत बसला होता. एकेक मेंढी आडवी पाडायची, तिचे पाय गुडघ्याखाली दाबायचे आणि पोटाकडून कातर चालवायची. बायको भामाबाई काळी लोकर निराळी, पांढरी निराळी करीत होती. ओट्यावर त्याची भाची मनकर्णा टकळीवर सूत काढीत होती. मानमोडीच्या साथीत तिचे आईबाप आठ दिवसांच्या अंतरानं गेले, तेव्हापासून तिला हा एक मामाच उरला होता. मामानंच दिंद्रुडकडच्या सिदूशी तिचं लग्न लावून दिलं. आणि सिदूनं तापलेल्या उलथन्यानं पाठीवर डाग दिल्यावर, मागच्या दिवाळीत, ती मामाच्याच दारात येऊन उभी राहिली. तिचं वय तेव्हा एकोणीस होतं.

नांदूरघाटच्या वर डोंगराच्या उतारावर धनगरांची ती बेचाळीस घरांची वाडी. काळ मोगलाईचा, निजामाच्या राज्याचा. सरकारची अदालत दूर मोमिनाबादेला, तिथलं सगळं कामकाज उर्दूत. मेंढपाळाच्या लेकीनं तिथं जाऊन कुणाला काय सांगावं? सोयरीक, काडीमोड, भांडणतंटा, सारं जातपंचायतीत सुटायचं आणि पंचायतीत शेवटचा शब्द कारभाऱ्याचा असायचा. जुना कारभारी वारून महिना झाला होता.

म्हाळूचा लहानपणापासूनचा सोबती सटवा दुपारी आला तो हीच बातमी घेऊन.

"ऐतवारी बैठक हाय, बिरोबाच्या देवळापुढं. एकीकडं तात्याबाची घोंगडी, एकीकडं बिभीषणाची. घरटी एका बाप्यानं यायचं आन् ज्याला कारभारी करायचं त्याच्या मागं बसायचं."

"मी न्हाई यायचा," म्हाळू कातर न थांबवता म्हणाला.

"कावून?"

"कुनामागं बसू? तात्याबा म्हंतो, बाईचा मुडदाच निघाला पायजे नवऱ्याच्या घरातून. आन् बिभीषणाच्या तोंडाला दुपारपासूनच वास मारतो. दोन-दोन साल तंटे लोंबकळत ठेवंल. ज्याच्या घरी मटन शिजलं त्याच्याकडून बोलंल. यातला माझा कोन हाय?"

"तुझा न्हाई, माझा बी न्हाई," सटवा त्याच्यापुढे उकिडवा बसला. ओट्याकडे एकदा बघून त्यानं आवाज खाली आणला. "पर तात्याबा आला तर म्हैन्यात पोरीला धाडून दील. बिभीषण कायच करनार न्हाई. आपल्याला तेच तर पायजे ना बे?"

"कायच न करनाऱ्याच्या डोक्याला माझ्या हातानं पागोटं बांधू? असली घान मी अंगाला लावून घेत नसतो."

सटवा उठून गेला. वाडीत म्हाळूच्या शब्दाला वजन होतं. दुसऱ्याचं कोकरू चुकून त्याच्या कळपात आलं तर तो चार कोस चालून परत करायचा. खोटं बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. लोक त्याला अण्णा म्हणत आणि त्याला ते मनातून फार आवडत असे.

भाकरी वाढताना भामाबाईनं विषय काढलाच. "अवो, जाऊन बसा की बिभीषणाच्या मागं. पोरीसाठी बसा."

"बाईमानसाचं काम न्हाई ते."

चुलीच्या पलीकडे मनकर्णा काटवटीत पीठ मळत होती. तिनं मामाकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पिठाकडे.  मामाच्या घरात आसऱ्याला असलेल्या पोरीनं काय बोलायचं असतं?

रविवारी उजाडताच म्हाळूनं मेंढरं डोंगरावर घातली. खालून देवळातल्या ढोलाचा आवाज येत होता. तो एका खडकावर बसून राहिला. दोन्ही गढूळ डबक्यांपासून आपण लांब राहिलो, याचं त्याला त्या दिवशी समाधान वाटत होतं. म्हाळूअण्णाच जात नाही तर आपण तरी कशाला जायचं, असं म्हणून आणखी तीन घरचे पुरुष आपापल्या कामाला निघून गेले होते. हे त्याला ठाऊक नव्हतं.

दिवस कलताना तो परतला तेव्हा सटवा मेंढवाड्याच्या काटेरी कुंपणापाशी उभा होता.

"तात्याबाच्या मागं वीस. बिभीषणाच्या मागं अठरा. तुमी चौघं घरी ऱ्हायलात."

"व्हऊ दे. दोघं बी सारकेच."

"तुला सारके," सटवा म्हणाला. "पोरीला इचार."

पंधरा दिवसांत सिदू दोन माणसं घेऊन पंचायतीपुढे आला. बायको नांदायला पाठवा, नाहीतर घराची अब्रू गेली म्हणून न्याय करा, असं त्याचं मागणं होतं. बायकांना बैठकीत यायची रीत नव्हती. मनकर्णेला देवळाच्या मागच्या भिंतीशी उभं केलं होतं. सटवा म्हणाला, पोरीची पाठ एकदा कुणा म्हातारीला बघू द्या. तात्याबानं हात झटकला.

"नवराबायकूत व्हतंय तसलं. परवा ऐतवारच्या आत पोर नवऱ्याच्या घरी गेली पायजे. मामानं सोता पोचवायची."

म्हाळू उभा राहिला. "कारभारी, हा न्याव न्हाई."

तात्याबानं त्याच्याकडे सावकाश पाहिलं. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"कोन बोलतंय? म्हाळूअण्णा? कारभारी ठरवायचा व्हता तवा तुमी कुटं व्हता? तवा रान प्यारं झालं, आन् आज न्याव आठवला व्हय? पोरीला धाडायचं नसंल तर नका धाडू. उद्यापासून तुमची मेंढरं वाडीच्या कुरनात दिसायची न्हाईत, का हौदावर दिसायची न्हाईत. तुमच्या घरचं पानी कोनी पिनार न्हाई."

बैठकीत कुणी मान वर केली नाही. म्हाळूच्या डोळ्यांपुढे त्याची दीडशे तहानलेली मेंढरं आली. तो खाली बसला. ज्या माणसाला घाण अंगाला लावून घ्यायची नव्हती तो, आपल्या बहिणीची लेक भिंतीपलीकडे उभी असताना, खाली बसला.

शनिवारी पहाटे दोघं दिंद्रुडच्या वाटेला लागली. ती पुढे, तो मागे. दुपार झाली. एका ओढ्यापाशी पाणी प्यायला थांबल्यावर तिनं विचारलं, "मामा, बैठकीच्या दिशी तुमी मेंढरं डोंगरावर नेलती. तितं चारा व्हता का?"

"व्हता," तो म्हणाला. 

त्यानंतर पाच महिने तिची काही खबर नव्हती. सिदूकडे निरोप पाठवला तर 'पळाली' एवढंच उत्तर आलं. मग नगरच्या बाजूनं मेंढरं घेऊन फिरणारा एक ओळखीचा माणूस वाडीत उतरला. त्यानं मनकर्णेला आष्टीच्या बाजारात पाहिलं होतं. ज्या हातानं दार उघडून गेलीस तो हात, असं म्हणत सिदूनं तिचा उजवा हात चुलीतल्या निखाऱ्यांवर दाबून धरला होता. जखम भरायच्या आत ती निघाली आणि सहा दिवस पायी चालून आष्टीला पोचली. बाजाराच्या कडेला भाकरी विकणाऱ्या सुंदरबाई नावाच्या एकट्या म्हातारीनं तिला ठेवून घेतलं होतं.

म्हाळू आष्टीला गेला. बाजार ऐन भरात होता. लिंबाखाली तीन दगडांची चूल होती आणि तिच्यापुढे बसून मनकर्णा डाव्या हातानं भाकरी थापत होती. उजव्या हाताची तीन बोटं एकमेकींना चिकटली होती. टकळी आता त्या हातात बसणार नव्हती.

तिनं त्याला ओळखलं आणि बसायला पोतं टाकलं. रडली नाही.

"मने, चल घरी," तो म्हणाला.

"घरी येऊन काय करू, मामा? तात्याबा पुन्ना बोलवंल. तुमी पुन्ना पोचवाया याल."

"आता न्हाई. बिरोबाची आन हाय."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "सिदू वाईट, तात्याबा वाईट, ते मला ठावंच व्हतं. त्यांच्याकडून माझी काय आस न्हवती. तुमी चांगले व्हता. म्हनून मी तुमच्या दारात आलते."

त्यानं मान खाली घातली. म्हातारी सुंदरबाई त्याच्याकडे टक लावून पाहत होती. बाजारातल्या त्या गर्दीत सगळ्यांना आपण कोण आहोत ते कळलं आहे, असं त्याला वाटू लागलं. मनकर्णेनं त्याला भाकरी आणि ठेचा दिला. दोन घासांच्या पुढे ती भाकरी त्याला गिळवेना, आणि तिनं केलेली म्हणून टाकवेनाही.

घरी येऊन त्यानं भामाबाईला सगळं सांगितलं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "एक इचारू? ते तितं बसनं तुमचं एकल्याचं कवा व्हतं?"

"म्हंजी?"

"घरटी एक मानूस म्हंत्यात. घरात मी न्हवते? ती न्हवती? आमाला बसू देत न्हाईत म्हनून आमच्यासाठी बी तुमीच बसायचं. तुमी आमचं बी बसनं बगलंत मारून रानात घिऊन गेलात. आन् मी बोलले, तर बाईमानसाचं काम न्हाई म्हनालात."

लग्नाला बावीस वर्षं झाली होती. बायकोपुढे तोंड लपवावंसं म्हाळूला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. आपण चोख राहिलो ते कुणाच्या जिवावर, हे त्याला त्या दिवशी समजलं.

दुसऱ्या दिवशी तो बैठकीला न गेलेल्या त्या तीन घरी गेला. जे घडलं ते त्यानं काही न झाकता सांगितलं, पोरीच्या बोटांसकट. दोघांनी ऐकून घेतलं. तिसऱ्यानं, "तुमच्याच नादानं मी गेलो न्हाई, आता तुमच्याच नादानं जाऊ काय?" असं म्हणून कवाड लावून घेतलं. 

चैत्रात नवं वर्ष लागलं की कारभाऱ्याचं पागोटं पुन्हा बांधायची रीत होती. तात्याबा आणि बिभीषण पुन्हा समोरासमोर बसले. म्हाळू आला, पण बसला नाही.

"मला दोघं बी पटत न्हाईत," तो मोठ्यानं म्हणाला. "गेल्या साली बी पटत न्हवते. म्हनून मी घरी ऱ्हायलो आन् माझ्या भाचीचा हात जळाला. सिदूनं जाळला खरं, पर मी वाट मोकळी करून दिली. तिला पोचवाया बी मीच गेलतो. आज मी दोघांना एकच मागतो. कुठलीबी पोर धाडायच्या आदी तिला बैठकीत उभी करून इचारायचं. जो हो म्हनंल त्याच्या मागं मी बसतो."

तात्याबा हसला. "बाईला इचारून कारभार करायचा आसंल तर बांगड्या भरा."

बिभीषणानं घोंगडीचं टोक चाचपलं. त्या दिवशी तो शुद्धीवर होता. "बघू की, अण्णा," तो म्हणाला.

"बघू न्हाई. बिरोबाकडं तोंड करून बोल."

बिभीषणानं आपल्या मागची माणसं मोजली, समोरची मोजली, आणि देवळाकडे तोंड केलं. "इचारीन," तो पुटपुटला. हे तो पोरींसाठी बोलला नव्हता, पागोट्यासाठी बोलला होता. म्हाळूला ते स्वच्छ दिसत होतं. तरीही तो जाऊन त्याच्या मागे बसला. त्याचं ऐकून घेतलेले ते दोघंही त्याच्या शेजारी येऊन बसले. 'बाईला इचारनार' हे ऐकताच बिभीषणाच्या मागचा एकजण मात्र उठून तात्याबाकडे गेला.

मोजणी झाली. तात्याबा एकवीस, बिभीषण वीस. एक घर आलंच नव्हतं.

तात्याबा पागोट्याला हात घालणार, तोच देवळामागून भामाबाई आली. डोक्यावरचा पदर नीट करून ती भर बैठकीत शिरली आणि नवऱ्याच्या शेजारी मांडी घालून बसली. एकच गलका उठला. "उठवा तिला!" तात्याबा ओरडला. "म्हाळू, बाईला घरी धाड!"

 वर्षापूर्वी याच आवाजापुढे म्हाळू खाली बसला होता. कुरण, हौद, दीडशे मेंढरं, आजही सगळं तेच होतं. आणि आष्टीला गेलेली मनकर्णा यातल्या कशानंच परत येणार नव्हती.

"ती न्हाई उठायची," तो म्हणाला. "मानसं मोजताना चुकी झाली, कारभारी. पुन्ना मोजा."