मागचे दोन खिसे

मास्तरांच्या पॅन्टचे मागचे दोन खिसे हळूहळू एकमेकांजवळ सरकत होते, आणि घरच्यांना वाटत होतं की हे मास्तरांच्या लक्षात येणार नाही! आता बोला. ज्या माणसाचा जन्म लोकांच्या कमरा मोजण्यात गेला, गिऱ्हाईक दारातून आत येतानाच ज्याला त्याचं माप कळायचं, त्या उडत्या पाखराची पिसं मोजणाऱ्या शिंप्याला हे फसवायला निघाले होते. फसवणारे तरी कोण? सख्खा धाकटा भाऊ आणि लग्नाची बायको.

झालं होतं असं. मास्तरांना जठराचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्यावर बायकोने डोळे पुसले आणि घरी येऊन फर्मान काढलं, "आजपासून या घरात वाईट शब्द काढायचा नाही. यांच्यासमोर कुणी रडलं, तर माझ्याइतकं वाईट कुणी नाही."

केमो सुरू झाली. अन्न जाईना, मास्तर वाळायला लागले. दवाखान्यात नर्सने वजनाचा आकडा वाचला की बायको म्हणायची, "तुमचा काटा बिघडलाय हो." पण कपड्यांचं काय करायचं? ढिली झालेली कंबर शिंप्याला सगळं सांगून टाकते. म्हणून धाकटा भाऊ दादाची पॅन्ट गुपचूप दुकानात न्यायचा, मागची शिवण उसवून कंबर आत घ्यायचा आणि इस्त्री करून परत खुंटीला अडकवायचा. मांजर डोळे मिटून दूध पितं ना, तशातली गत.

मास्तरांना पहिल्याच दिवशी कळलं. रुमाल ठेवायला मागे हात नेला, तर खिसा जागेवर नाही! पॅन्ट उलटून पाहिली. शिवण धाकट्याची होती, सरळ, बारीक, टोकाला परत फिरवलेली. त्यांनीच तर शिकवली होती त्याला. आणि कमरेचा हूक मात्र कुणीतरी हाताने सरकवून लावला होता. वेडेवाकडे टाके, दोराही भलत्याच रंगाचा. बायकोने उभ्या जन्मात सुई धरली नव्हती. 'एका घराला दोन शिंपी पुरेत' म्हणायची. ते टाके पाहून मास्तरांना हसू आलं, आणि मग ते पॅन्ट मांडीवर घेऊन पलंगावर बसले.

बोलून टाकावं असं वाटलं. पण बिचाऱ्यांनी एवढा आटापिटा केलाय, त्यावर पाणी कसं फिरवायचं? म्हणून त्यांनीही सोंग घेतलं. "बघ, पॅन्ट कशी नीट बसते अजून!" म्हणायचे. "मग? मी म्हणतच होते," बायको म्हणायची. धाकटा मान खाली घालून हसायचा. भेटायला येणारे 'खंबीर राहा' सांगून जायचे. अरे, किती खंबीर राहायचं माणसाने? मास्तरांना फक्त कुणाला तरी सांगायचं होतं की मला भीती वाटते. भरल्या घरात ऐकायला कुणी नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार नुसता.

मग नवा रिपोर्ट आला. औषध हवं तसं लागू पडत नव्हतं. डॉक्टर दुसरं सुरू करणार होते, पण खात्री देत नव्हते. "दुसरं म्हणजे आणखी चांगलं असणार," बायको म्हणाली. दुपारी तिचा डोळा लागला, तसे मास्तर काठी घेऊन, वाटेत टेकत टेकत दुकानात गेले.

धाकटा मशीनवर होता. दादाला पाहताच त्याने हातातलं कापड झटकन एका गिऱ्हाइकाच्या कोटाखाली सारलं. मास्तरांनी कोट उचलला. खाली त्यांचीच राखाडी पॅन्ट, मागची शिवण उसवलेली.

"आणखी आत घेतलीस तर दोन खिशांचा एकच होईल, शहाण्या. गिऱ्हाइकाची अशी केली असतीस, तर कान धरून बाहेर काढलं असतं तुला."

धाकट्याचं तोंड उतरलं. "दादा, ते... वहिनी म्हणाली..."

"वहिनीचे टाकेही पाहिलेत मी. देवा रे देवा!" मास्तर हसायला गेले, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "टेप घे. माझं माप घे."

"कशाला उगाच? तू बस बघू आधी."

"घे म्हणतो ना. आणि मोठ्याने सांग, नेहमीसारखं."

त्या दुकानाची रीतच होती. एकाने माप घेऊन मोठ्याने सांगायचं, दुसऱ्याने तेच परत म्हणायचं, म्हणजे चूक राहत नाही. धाकट्याने टेप कमरेभोवती नेली. दोन्ही टोकं भेटली तिथे त्याची बोटं थांबली.

"सांग."

"अठ्ठावीस," तो पुटपुटला.

"अठ्ठावीस," मास्तर स्पष्ट म्हणाले. आणि त्याच आवाजात पुढे म्हणाले, "मला भीती वाटते रे. फार भीती वाटते. मला एवढ्यात मरायचं नाही."

'काही होत नाही दादा' असं धाकटा म्हणाला असता, तर सगळं तिथेच संपलं असतं. पण समोरच्याने सांगितलेलं परत म्हणायची सवय त्याच्या हाडीमाशी भिनली होती.

"भीती वाटते," तो म्हणाला. "मलाही वाटते. रोज. तुझी पॅन्ट उसवायला घेतली की शिवण दिसेनाशी होते मला."

आणि तो पन्नाशीचा गडी दादाच्या कमरेला मिठी मारून ढसाढसा रडायला लागला. मास्तरही रडले, लाज सोडून, हुंदके देऊन. एक गिऱ्हाईक दारात आलं आणि तसंच मागे फिरलं.

रडणं ओसरल्यावर मास्तर स्टुलावर टेकले. "संध्याकाळी तुझ्या वहिनीशीही बोलू. एकटीने किती ओढायचं तिने?"

"मला मारेल ती."

"मारू दे. मग रडेल."

धाकट्याने नाक पुसलं आणि फळीवरून राखाडी कापडाचा तागा काढला. ही उसवाउसवी पुरे, नवीन शिवतो, म्हणाला. खडूने रेघा मारता मारता तो कमरेपाशी अडला. पुढे अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून शिवणीच्या आत थोडं कापड ठेवतात. ते किती ठेवायचं, हे विचारायचा धीर त्याला होईना. शेवटी विचारलंच.

"दादा, आत कापड किती सोडू?"

मास्तरांनी खडूच्या रेघेवरून बोट फिरवलं.

"भरपूर सोड," ते म्हणाले. "अंग भरलं तर मला लागेल. नाही भरलं, तर उसवून तू घाल."